सॅकमध्ये स्पीकर घेऊन फिरणाऱ्या आमच्या साधनव्यक्ती सरांना, जाहीर थँक्यू

सर, नमस्कार.

हे तुम्हाला पर्सनलवर पाठवलं असतं तर तुम्ही दोन जोडलेले हात टाकून विषय संपवला असता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितेय. (साधनव्यक्ती म्हणजे आम्हा शिक्षकांना ट्रेनिंग द्यायला आणि मदतीला शाळांवर येणारे, हे बाहेरच्यांसाठी.) नाव टाकत नाही, तुम्हाला ते चालणार नाही हे माहितीये, आणि बीड जिल्ह्याच्या ह्या आमच्या डोंगरपट्ट्यात नावाची गरजपण नाही, स्पीकरवाले सर म्हणलं की पहिलीतलं पोरगंसुद्धा सांगतं कोण ते.

लिहायला निमित्त झालं परवाची कार्यशाळा. बाहेरून आलेले एक वक्ते स्टेजवरून म्हणाले की शिक्षकांची टेक्नॉलॉजीबद्दलची मानसिकताच तयार नाही, ती बदलली की बाकी सगळं आपोआप होईल. आम्ही मागच्या रांगेतल्या सगळ्याजणी एकमेकींकडं बघून हसलो. कारण त्याच मिनिटाला एक मॅडम मोबाइलवर आजच्या पोषण आहाराचा आकडा टाकत होत्या, दुसऱ्या एकीच्या वर्गातल्या पोराच्या आधारवर जन्मतारीख 1 जानेवारी पडलीय आणि दाखल्यावर भलतीच आहे म्हणून पोर्टलवर मिसमॅच येतोय तर त्या पोराच्या बापाला फोन लावत होत्या, आणि माझ्या स्वतःच्या ग्रुपवर तीन वेगवेगळ्या लिंका येऊन पडल्या होत्या, तिन्हीवर अतितात्काळ असं लिहिलेलं. पोराचं आधार व्हॅलिड नसेल तर ते संचमान्यतेत, म्हणजे शाळेची शिक्षकपदं ठरवताना, धरत नाहीत आणि पटावर पोरं दिसली नाहीत तर शिक्षकाचं पदच उडतं, म्हणजे आमची नोकरी त्या मोबाइलवर टांगलेली आहे आणि वरून ऐकायचं की आम्हाला मोबाइल नको असतो! बरं ते जाऊ द्या. तेव्हा मनात आलं की तुम्ही कधीच असं बोलला नाहीत. एकदाही नाही. म्हणून हे पत्र.

तुम्ही आमच्याकडं येण्याआधी टेक्नॉलॉजी आमच्याकडं कशी कशी आली ते तुम्हाला आमच्यातल्या जुन्या गुरुजींनी सांगितलेलं आहेच, पण बाकीच्यांसाठी परत सांगते. आधी एमएस-सीआयटी आली, मुदतीत पास व्हा नाहीतर वेतनवाढ बंद, आणि कित्येकांच्या पगारातून नंतर वसुली लागली, लोक कोर्टात गेले. म्हणजे कॉम्प्युटरशी आमची ओळख झाली ती पगारातल्या कपातीतून. मग 22 जून 2015 चा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्रचा जीआर आणि त्याच्या मागोमाग डिजिटल शाळांची लाट, त्यात खरंच चांगलं काम झालं कितीतरी ठिकाणी, मी नाही म्हणत नाही, आम्हीपण गावात दारोदार फिरून लोकसहभागातून पैसे जमवले, टीव्ही आणला, भिंतीवर ठळक अक्षरात डिजिटल शाळा असं रंगवून घेतलं. आणि मग वीजबिल थकलं, मीटर कापलं. टीव्हीवर आम्ही साडीच्या पिशवीचं कव्हर शिवून घातलं ते तसंच राहिलं.

मग 2020. शाळा बंद पण शिक्षण आहे म्हणून रोज सकाळी अभ्यासमालेच्या लिंका यायच्या, दीक्षा ॲपवरचे व्हिडिओ, सह्याद्रीवर टिलीमिली लागायचं, सगळं व्यवस्थित होतं, फक्त आमच्या वस्तीवर मोबाइल एक, तो बापाकडं, आणि बाप वीटभट्टीवर. त्याच वर्षी डिसेंबरात परितेवाडीच्या डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, जिल्हा परिषदेच्या शाळेतला माणूस जगात पहिला आला, पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचं काम सगळ्यांना कळलं, त्यांनी बक्षिसाची अर्धी रक्कम बाकीच्या नऊ फायनलिस्टना वाटून टाकली. आम्हाला काय आनंद झाला होता! पण दुसऱ्याच आठवड्यापासून जो तो अधिकारी, जो तो पुढारी, अगदी आमचे नातेवाईकसुद्धा, तुम्ही का नाही करत डिसले सरांसारखं? आता काय सांगायचं.

आणि त्यातच निष्ठा, म्हणजे देशभरातल्या शिक्षकांचं सरकारी ट्रेनिंग. 2019 ला ते समोरासमोरचं ट्रेनिंग होतं, मग कोविडमुळं दीक्षावर ऑनलाइन झालं, 18 कोर्स. ते संपतायत तोवर लहान वर्गांच्या वाचन-गणिताच्या निपुण भारतसाठी निष्ठा 3, आणखी 12 कोर्स. शेवटी प्रश्नमंजुषा, 70 टक्के मिळाले तरच सर्टिफिकेट, आणि सर्टिफिकेटचा स्क्रीनशॉट आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, ग्रुपवर. कुणी किती कोर्स केले त्याची यादी रोज यायची, ज्यांचे राहिलेत त्यांची नावं लाल रंगात. ग्रुपवर उत्तरांची पीडीएफ कोर्सच्या आधीच फिरत असायची हे सगळ्या महाराष्ट्राला माहितीये, फक्त कुणी बोलत नव्हतं.

तुम्ही बोललात. आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत पहिल्यांदा उभे राहिलात आणि पीपीटी न लावता विचारलंत, "कोर्स कुठं बसून बघता ते सांगा, मला रिपोर्ट करायचा नाहीये." हॉल एकदम गप्प. मग एक मॅडम म्हणाल्या, तिखटाच्या डब्याला टेकवून, म्यूटवर, पोळ्या लाटताना. सगळे हसले, मग एकेकजण सांगायला लागला, कुणी एसटीत, कुणी रात्री पोरं झोपल्यावर, एक सर म्हणाले माझा मुलगाच करतो, त्याला आता अध्यापनशास्त्र माझ्यापेक्षा जास्त येतं. तुम्ही हसलात, वहीत लिहिलंत आणि म्हणालात, "ठीक आहे, मग ह्यातला एक व्हिडिओ आज इथं बघू, आवाज चालू ठेवून."

सर, आम्ही एवढे कोर्स केले होते आणि त्यातला एक व्हिडिओ एकत्र बसून पहिल्यांदा बघत होतो. तुम्ही तो पेनड्राइव्हवर उतरवून आणला होता, नेटच्या भरवशावर राहिला नाहीत. थोडा बघायचा, थांबवायचा, तुमच्या वर्गात हे होईल का विचारायचं, आणि होणार नाही असं कुणी म्हणलं तर त्याच्यावर तुटून न पडता का होणार नाही ते ऐकायचं.

त्यादिवशी विषय होता बहुभाषिक शिक्षणाचा, म्हणजे मुलांच्या घरच्या भाषेचा वर्गात वापर. तो कोर्स आम्ही सगळ्यांनी पास केलेला. तांड्यावरच्या शाळेच्या मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, माझ्या पहिलीतली सगळी पोरं घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात, मला गोरमाटी येत नाही, व्हिडिओतल्या बाईंना त्यांच्या वर्गातल्या मुलांची भाषा येते, मग मी काय करू? आधीच्या ट्रेनिंगात ह्यावर उत्तर आलं असतं की पुढच्या मॉड्यूलमध्ये आहे. तुम्ही म्हणालात मलापण येत नाही, पण तांड्यावर कुणाला येते? मॅडम म्हणाल्या सगळ्यांनाच येते की! तुम्ही म्हणालात, मग तुमचा मोबाइल त्यांच्याकडं द्या.

त्या मॅडमनी पुढच्या आठवड्यात एका म्हातारीला वर्गात बोलावलं, पायरीवर बसवलं, तिनं कोल्ह्याची गोष्ट गोरमाटीत सांगितली, मोबाइलवर रेकॉर्ड केली. तीच गोष्ट मॅडमनी मराठीत फळ्यावर चित्रं काढत सांगितली. आधी आजीचा आवाज, मग मॅडमचा. पुढच्या परिषदेला त्यांनी ते आपल्याला ऐकवलं, तुमच्या त्या स्पीकरवर, आणि मागून पोरांचा आवाज येत होता, आजी कोल्ह्याचा आवाज काढायच्या आधीच पोरं काढत होती. मला गोरमाटीतला एक शब्द कळला नाही तरी मी पूर्ण वेळ हसत होते. आता त्यांच्याकडं अशा बऱ्याच गोष्टी जमल्यात आणि शेजारच्या दोन तांड्यांवरच्या शाळासुद्धा त्या मागून नेतात. आता सांगा ह्याला मानसिकता म्हणायचं का नाही.

माझ्यापुरतं सांगायचं तर मी तुमच्याशी सुरुवातीला भांडलेच होते. मी म्हणलं होतं सर, मला ह्या मोबाइलवर अजून एक काम नको, दिवसभर माहिती भरून बोटं दुखतात. तुम्ही उलटं काही बोलला नाहीत. तुम्ही एक प्रश्न विचारला जो मला आजपर्यंत कुठल्या ट्रेनिंगात कुणी विचारला नव्हता, तो म्हणजे वर्गात तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो. मी म्हणलं दुसरी-तिसरीच्या वाचनाचा, दोन वर्ग एकत्र, एकेकाचं वाचन ऐकायला बसले तर बाकीचे गोंधळ घालतात आणि ऐकलं नाही तर कोण कुठं अडतंय तेच कळत नाही. तुम्ही म्हणालात, मोबाइलमध्ये व्हॉइस रेकॉर्डर आहे ना, मग पोरांना व्हरांड्यात बसून एकेक करून वाचू द्या, तुम्ही नंतर ऐका. बास एवढंच. ॲप नाही, लॉगिन नाही, ओटीपी नाही. ओटीपी नाही म्हणल्यावर मी निम्मी तयार झाले.

पण जे झालं ते तुम्ही सांगितलेलं नव्हतं. पोरांनी स्वतःचं वाचन परत ऐकायला मागितलं. तिसरीतला एक मुलगा, चांगला हुशार, पण जोडाक्षर आलं की तिथं घाई करून काहीतरी पुटपुटायचा आणि पुढं पळायचा, मी किती वेळा सांगितलं तरी त्याला ते पटायचंच नाही, म्हणायचा मी बरोबर वाचलं. त्यानं स्वतःचं रेकॉर्डिंग कानाला लावून ऐकलं, पुस्तकावर बोट ठेवून. "उत्सुकता" ह्या शब्दापाशी आला, थांबला, मोबाइलकडं बघितलं, परत मागं नेऊन ऐकलं, आणि माझ्याकडं न बघताच म्हणाला, मॅडम डिलीट करा, परत वाचतो. परत वाचलं. परत ऐकलं. त्सु नीट आला तेव्हा म्हणाला, आता ठेवा. मी काहीच केलं नव्हतं, मी दुसरीच्या पोरांच्या पाट्या तपासत बसले होते.

मग दसरा-दिवाळी झाली आणि दरवर्षीप्रमाणं गाव रिकामं व्हायला लागलं. ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्याकडची माणसं मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात, नवरा-बायको मिळून एक कोयता, सांगली कोल्हापूरकडं, कर्नाटकात, आणि परत येतात ते कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला की, उन्हाळ्याच्या तोंडाला. काही पोरं हंगामी वसतिगृहाच्या योजनेवर गावात आजी-आजोबांजवळ राहतात, काही आईबापाबरोबर फडावर जातात. जी जातात ती चार-पाच महिन्यांनी येतात तेव्हा आधीचं निम्मं विसरलेली असतात, हे मी नोकरीला लागल्यापासून बघतेय. त्यावर्षी मी तुम्हाला विचारलं की जाणाऱ्या पोरांचं काय करू. तुम्ही मोठी योजना काढली नाहीत. म्हणालात, आईच्या फोनवर आठवड्याला एक आवाज पाठवा आणि एक मागवा, जमेल तेवढं. मी म्हणलं कोपीत, त्या फडावरच्या झोपडीत, चार्जिंग कुठंय? तुम्ही म्हणालात नसेल त्या आठवड्यात नाही येणार. हे "नाही येणार" म्हणण्याचं जे स्वातंत्र्य दिलंत ना, त्याच्यामुळं मी ते चालू ठेवलं, नाहीतर त्याचीपण एक्सेल शीट झाली असती.

तर आवाज यायचे. कधी दोन आठवडे काहीच नाही आणि मग एकदम रात्री उशिरा, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज केलेल्या मोबाइलवरून. दुसरीतली एक मुलगी वाचतेय, मागं बैलांच्या घुंगरांचा आवाज, कुणीतरी ओरडतंय भांडी घास म्हणून, आणि हिचं चालूच. एकदा तर शेवटी तिच्या आईचा आवाज आला, "मॅडम, हिनं मलापण वाचून दाखवलं." त्या आईला मी शाळेत दाखल्यावर अंगठा उठवताना बघितलेलं आहे. मी तो मेसेज तुम्हाला फॉरवर्ड केला होता, तुमचं उत्तर आलं होतं, "मुलीची गती वाढली, विरामचिन्हं बघा." मी म्हणलं ह्या माणसाला भावना आहेत का नाही! पण विरामचिन्हं खरंच चुकत होती.

आता गुरुजींबद्दल लिहायलाच पाहिजे, ते वाचणार आहेत हे. गुरुजींची वेतनवाढ त्या एमएस-सीआयटीच्या भानगडीत अडकली होती, तेव्हापासून त्यांनी कॉम्प्युटर ह्या विषयावर मौनव्रत घेतलं होतं. ट्रेनिंगला यायचे, सही करायचे, डोळे मिटून बसायचे. सगळे त्यांना जुनं खोड म्हणायचे, साहेबलोक तर तोंडावर. तुम्ही त्यांना मोबाइल शिकवायला गेलाच नाहीत. तुम्ही त्यांच्या वर्गात जाऊन मागं बसलात, त्यांचं फळ्यावरचं अक्षर बघितलंत, आणि विचारलंत की गुरुजी तुमचा हात चालताना मी शूट करू का, नवीन लागलेल्या पोरांना दाखवायला. फक्त हात आणि फळा, खडू कसा धरतात, अ ला सुरुवात कुठून होते, क्ष कसा वळतो. आज आपल्या तालुक्यातले शिक्षणसेवक ते व्हिडिओ बघून फळ्यावर सराव करतात. आणि गुरुजी? परवा फोन करून मला विचारत होते की व्हिडिओचा आडवा आणि उभा ह्यात फरक काय पडतो. मौनव्रत सुटलंय, आता ते गप्प बसत नाहीत एवढाच त्रास आहे.

सगळंच तुमचं मला पटतं असं समजू नका. ऑनलाइन ट्रेनिंगवरचं आपलं भांडण अजून मिटलेलं नाही. तुम्ही म्हणता की पूर्वीचं निवासी ट्रेनिंग पुरुषांच्या सोयीचं होतं, अंगावरचं बाळ असलेल्या शिक्षिकेनं डाएटला, म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षक-प्रशिक्षण संस्थेत, जाऊन मुक्काम कसा करायचा, तिला घरी बसून कोर्स करता येतो हे काही कमी नाही. हे मला मान्य आहे, माझी धाकटी लहान असताना मी सासूबाईंना बरोबर घेऊन ट्रेनिंगला गेले होते, त्या बाहेर झाडाखाली बाळ घेऊन बसायच्या. पण सर, घरी बसून म्हणजे कुणाच्या वेळात? शाळा सुटल्यावर, स्वयंपाक करताना, रविवारी. 12 वर्षांच्या आणि 24 वर्षांच्या वेतनश्रेणीचं ट्रेनिंगसुद्धा 2022 ला ऑनलाइन झालं, त्यात कितीजणींनी उन्हाळ्याच्या सुट्टीत माहेरी जाऊन रेंज शोधत गच्चीवर बसून व्हिडिओ संपवले. 2020 च्या नव्या धोरणात प्रत्येक शिक्षकाला वर्षाला 50 तास व्यावसायिक विकासाचे सांगितलेत, चांगलीच गोष्ट आहे, पण ते तास शाळेच्या वेळात धरणार का आमच्या झोपेच्या, ते कुणीतरी सांगा. तुम्ही यावर मान हलवता आणि म्हणता मी साधनव्यक्ती आहे, शासन नाही. हे तुमचं नेहमीचं वाक्य आहे आणि ते मला अजिबात आवडत नाही.

आवडत नाही कारण त्यामागं काय आहे ते आम्हाला माहितीये. जे आम्हाला शिकवायला येतात ते स्वतः करारावर. समग्र शिक्षा ह्या सरकारी योजनेच्या मानधनावर वर्षानुवर्षं, पुढच्या वर्षीची ऑर्डर येईपर्यंत जीव टांगणीला, कायम करा म्हणून आंदोलनाला जायचं आणि दुसऱ्या दिवशी परत आमच्याकडं येऊन हसतमुखानं गुणवत्तेवर बोलायचं. डोंगरातल्या शाळांपर्यंतचं पेट्रोल तुमच्या खिशातलं असतं हे मला तुमच्या बायकोकडून कळलं, तुमच्याकडून नाही. आम्ही कायम नोकरीवाले लिंकांवरून कुरकुर करतो आणि तुम्ही आमची कुरकुर शांतपणे ऐकून घेता, ह्याच्यात काहीतरी उलटंपालटं आहे असं मला नेहमी वाटतं. ज्यांनी ऑर्डरी काढायच्या त्यांच्यापर्यंत हे पत्र कुणी पोचवलं तर बरंच होईल.

तर थँक्यू सर. वर्गात कधी पाहणीला आलात तर आधी पोरांच्या शेजारी खाली बसता त्याबद्दल थँक्यू. फोटो काढताना जिओ टॅग चालू आहे का हे पहिल्यांदा न विचारल्याबद्दल थँक्यू. टीव्हीला कव्हर घातलेलं बघून आम्हाला न बोलता सरपंचांकडं जाऊन मीटरचं बोलणं केलंत त्याबद्दल थँक्यू, मीटर आलंय आणि कव्हर मी घरी नेलंय, छान कापड आहे. प्रत्येक परिषदेत एकानं एकच गोष्ट दाखवायची आणि ती स्वतःच्या वर्गात करून बघितलेलीच असली पाहिजे, हा जो नियम केलात त्याबद्दल सगळ्या केंद्राच्या वतीनं थँक्यू, सुरुवातीला लोक सुट्टी टाकायचे त्या दिवशी, आता नंबर लागतो.

पुढच्या महिन्यात नंबर माझा आहे. मी फडावरून आलेले आवाज ऐकवणार आहे, सुरुवातीचा आणि शेवटचा, एकाच मुलीचे. मोठा स्पीकर आणा, गेल्या वेळी त्याची वायर खरखर करत होती ती बदलून आणा. आणि हो, कालची ती अतितात्काळ लिंक मी अजून भरलेली नाही, मला आठवण करायला फोन करू नका, आज तिसरीची रेकॉर्डिंगं ऐकायची राहिलीत, लिंक उद्या भरते.

तुमची,
दोन शिक्षकी शाळेतली एक मॅडम